नवी भाषा घडवताना : पहिली वही कशी भरायची

लहानपणी सुट्टीत मावशीकडे जमलो की आम्ही भावंडं ‘च’च्या भाषेत बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. ‘आपण खाली जाऊ’चं व्हायचं ‘चपणआ चलीखा चऊजा’. मोठ्यांना कळू नये म्हणून हा खटाटोप, आणि दोन दिवसांत मोठ्यांना सगळं कळायला लागायचं. कळणारच. ती कुलूप लावलेली मराठी होती आणि किल्ली अगदी सोपी होती.

असली कुलपं आपल्याकडे जुनी आहेत. गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव ठरवता यावा म्हणून व्यापारी नंदभाषा वापरत. तीनला उधानू, पाचला मुळू, दहाला अंगुळू. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. ‘च’च्या भाषेत अक्षरांची जागा बदलली, नंदभाषेत शब्द बदलले, सकळ लिपीत लिपी बदलली. आतलं वाक्य तिन्ही ठिकाणी मराठीच राहिलं.

हे आधी सांगतोय कारण नवी भाषा, म्हणजे या छंदातल्या लोकांच्या बोलीत ‘कॉनलँग’, करायला बसलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा हेच करतो. मीही केलं. वहीत चारशे शब्द झाले: झाड म्हणजे अमुक, पाणी म्हणजे तमुक. मग एक वाक्य लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, मी मराठी वाक्यातले शब्द एकेक करून बदलतोय. ‘ने’ तिथेच, ‘ला’ तिथेच, क्रियापद शेवटी. ती वही मी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली, या वेळी शब्दांच्या आधी प्रश्न लिहून. त्या दुसऱ्या वहीचीच वाट पुढे सांगतो.

आधी ठरवा : बोलणार कोण?

भाषा कशासाठी हवी ते एका वाक्यात लिहा. डॉक्टर झामेनहॉफ ब्यालिस्तॉकमध्ये वाढले, जिथे रशियन, पोलिश, यिडिश आणि जर्मन बोलणारे लोक शेजारी राहूनही एकमेकांना परके होते. सगळ्यांना सारखीच सोपी पडेल अशी भाषा त्यांना हवी होती, म्हणून १८८७ साली त्यांनी मांडलेल्या एस्परान्तोचं व्याकरण सोळा नियमांत मावतं आणि त्यात अपवाद नाहीत. सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेल्या तोकी पोनाचा हेतू वेगळा: कमीत कमी शब्दांत विचार साधा करून पाहायचा. तिचा मूळ संच साधारण १२० शब्दांचा. दारूला स्वतंत्र शब्द नाही, ‘तेलो नासा’ म्हणजे वेडं पाणी. आणि ‘बाहुबली’ (२०१५) मधल्या कालकेयांसाठी तमिळ गीतकार मदन कार्की यांनी किलिकी घडवली, ती पडद्यावरच्या एका टोळीसाठी.

तिघांचे हेतू वेगळे, म्हणून भाषाही वेगळ्या. जगाला जोडणारी भाषा आणि काल्पनिक टोळीची भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वहीत करू नका. नवख्याला माझा सल्ला काल्पनिक माणसांचा. त्यांचं जगणं समोर असलं की निर्णय सुचत जातात.

या लेखापुरती काही माणसं घेऊ. खाडीच्या तोंडाशी राहतात, मासे धरतात, मीठ पिकवतात, आणि त्यांचा दिवस घड्याळावर नाही तर भरती-ओहोटीवर चालतो. त्यांचं नाव पुढे आपोआप येईल.

आवाज : काय सोडायचं?

मराठी माणसाचा हात इथे सैल सुटतो, कारण आपल्या तोंडात आवाजांची चंगळ आहे. क-ख-ग-घ चारही आहेत, न-ण आणि ल-ळ वेगळे आहेत. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ मधला ‘जग’ लिहिताना सारखे, पण जीभ दोन वेगळ्या जागी लागते. हे सगळं नव्या भाषेत ओतलं की ती कानाला मराठीच वाटते. हवाईयन भाषा आठ व्यंजनांवर चालते, तोकी पोना नऊ. तेव्हा यादी करा ती सोडायच्या आवाजांची.

आपल्या खाडीच्या माणसांसाठी मी महाप्राण, म्हणजे ख-घ-थ-ध-फ-भ असे हकार मिसळलेले आवाज सोडले, ट-ठ-ड-ढ-ण सोडले, ग-द-ब सोडले, च-ज-श-ळ सोडले. राहिले प, त, क, म, न, स, ल, र, व, य, ह. स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. ‘अ’ मुद्दाम टाळला, कारण देवनागरीत लिहिलं की मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो आणि उच्चाराचा घोळ होतो.

आता आवाज एकमेकांना कसे लागतात ते ठरवा. ही पायरी पुष्कळ जण विसरतात, आणि भाषेचा चेहरा तर इथेच तयार होतो. माझा नियम: एक व्यंजन, एक स्वर, फार तर शेवटी अनुस्वार. जोडाक्षर नाही. नियम पक्का झाला का ते पाहायला बाहेरचा शब्द त्यातून काढून बघा. खेड्यातल्या जिभेने ‘स्टेशन’चं ‘ठेसन’ केलं आणि ‘ग्लास’चा ‘गिलास’, तसं. आपल्या माणसांच्या तोंडी ‘पुस्तक’ होईल ‘पुसुताका’, ‘संदीप’ होईल ‘सांतिपा’. तुमचं नाव तुमच्या भाषेत कसं उच्चारतील ते आजच लिहून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर भाषेला कान फुटतात.

किलिकी ऐकताना अर्थ न कळताही दरारा वाटतो. पडद्यावर ते लागतंच. पण म्हणून कठोर आवाज म्हणजे क्रूर माणसं आणि ल-म-न म्हणजे गोड माणसं असं समीकरण वहीत मांडू नका. ‘ळ’ आणि ‘ढ’ वापरूनच आपण अंगाई म्हणतो.

वाक्य : मराठीची सवय कुठे मोडायची

काही शब्द घेऊ. पेतु म्हणजे मूल, तेपो म्हणजे मासा, किरा म्हणजे धरणं, नुपे म्हणजे पाणी. प्रत्येक शब्द वहीत जाण्याआधी मोठ्याने दहा वेळा म्हणा. पाण्यासाठी मला आधी ‘मोरे’ सुचला होता. उच्चाराला छान, पण वाक्यात दर वेळी आडनाव दिसायचं.

आता क्रम. मराठी कर्ता-कर्म-क्रियापद लावते. मी क्रियापद पहिलं घेतलं, मग करणारा, मग ज्याच्यावर क्रिया होते ते. वेल्श आणि आयरिश अशाच चालतात, तेव्हा यात विचित्र काही नाही. विचित्रच हवं असेल तर तेही करता येतं. ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी क्लिंगॉन भाषा घडवताना मार्क ओक्रांड यांनी कर्म आधी आणि कर्ता शेवटी ठेवला, कारण माणसांच्या भाषांत हा क्रम फार दुर्मीळ आहे आणि ती भाषा परग्रहावरच्यांची होती.

क्रमासोबत आणखी एक गोष्ट ओढली जाते. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये जगभरच्या भाषा शेजारी ठेवून दाखवलं, की क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत संबंध दाखवणारे शब्द बहुधा नामाच्या नंतर येतात, आणि क्रियापद आधी ठेवणाऱ्या भाषांत नामाच्या आधी. मराठीत ‘घरात’, ‘झाडाखाली’. आपल्या खाडीच्या भाषेत ‘त घर’, ‘खाली झाड’ असं येणं जास्त नैसर्गिक.

मग काळ. भूत, वर्तमान, भविष्य हे तीन खण आपल्याला शाळेपासून पाठ, म्हणून प्रत्येक जण तेच घेतो. पण भरती-ओहोटीवर जगणारी माणसं क्रियेकडे कसं बघतील? मी दोनच उपसर्ग घेतले. मा- म्हणजे क्रिया भरते आहे, लु- म्हणजे ओसरली.

माकिरा पेतु तेपो : मूल मासा धरतंय.
लुकिरा पेतु तेपो : मुलाने मासा धरला.

इथे थांबून मराठी ओळ नीट बघा. ‘धरतंय’ असताना क्रियापद मुलाच्या मागे जातं. ‘धरला’ म्हणताच मुलाला ‘ने’ लागतो आणि क्रियापद मूल सोडून माशाच्या मागे जातं: मासा धरला, मासोळी धरली, मासे धरले. रोज बोलतो म्हणून आपल्याला हे दिसत नाही. नवी भाषा करायला घेतली की आपली भाषा अशी उघडी होते, आणि मला या छंदाचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. हा ‘ने’ तुमच्या भाषेत हवा असेल तर जरूर घ्या, पण ठरवून घ्या. नकळत आला तर ती पुन्हा कुलूप लावलेली मराठी.

तीच गोष्ट ‘मला भूक लागली’ची. मराठीत माणूस भूक करत नाही, भूक त्याला येऊन लागते. थंडी वाजते, राग येतो, मराठीसुद्धा ‘येते’. आपल्या माणसांना उपसर्ग आधीच दिलेत, तेव्हा युलो म्हणजे भूक धरली तर मायुलो म्हणजे भूक भरत्ये, लुयुलो म्हणजे भूक ओसरली. मराठीत पोट भरतं, इथे भूक भरते. एका जुन्या निर्णयातून नवा वाक्प्रचार फुकट मिळाला. असं घडायला लागलं की समजा, भाषा मार्गी लागली.

आम्ही आणि आपण हा भेदही तपासा. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे मराठी सांगते, इंग्रजी सांगत नाही, पापुआ न्यू गिनीतली टोक पिसिन सांगते. मी तो ठेवला, कारण मासे वाटून घेताना ‘आपले’ की ‘आमचे’ हे त्या माणसांना लागणारच.

लिंग की आणखी काही?

तो, ती, ते. नवखा हे तीन जसेच्या तसे उचलतो किंवा सरसकट काढून टाकतो. मधला मार्ग जास्त मजेचा आहे: नामांचे गट पाडायचे, पण वेगळ्या कसोटीवर.

खाडीच्या भाषेत दोन गट केले. जे पाण्याबरोबर हलतं त्याच्या आधी ‘ओ’, जे जागी असतं त्याच्या आधी ‘ए’. आता तेच वाक्य:

लुकिरा ओ पेतु ओ तेपो : मुलाने जिवंत मासा धरला.

बाजारात टोपलीत पडलेला मासा मात्र ‘ए तेपो’. शब्द एकच, गट बदलला की अर्थ बदलला. स्पॅनिशमध्ये पाण्यातल्या आणि ताटातल्या माशाला दोन वेगळे शब्द आहेत. इथे एका स्वरावर भागलं. धावणारं मूल ‘ओ पेतु’, झोपलेलं ‘ए पेतु’. ही जोडी सापडली त्या संध्याकाळी मी वहीतली दोन पानं नुसत्या नामांनी भरली. ‘ए नुपे’ म्हणजे काय? मिठागरात अडवलेलं पाणी. ‘ओ’ लावलेलं घर म्हणजे काय, हे तेव्हा उलगडलं नाही. ते पुढे सांगतो.

शब्द : मराठी शब्दकोश समोर ठेवू नका

शब्दकोश उघडून ‘अ’पासून शब्द बदलत गेलात तर जगाचे तुकडे मराठीच राहतील. आपण मावशी, आत्या, काकू, मामी अशा चार नात्यांना चार शब्द देतो. हवाईयनमध्ये आई आणि मावशी-आत्या यांना मुळात एकच शब्द. कोणती रेघ कुठे मारायची ते त्या माणसांच्या घरांवरून ठरतं. बालीमध्ये दिशा सांगताना डोंगराकडे आणि समुद्राकडे असं म्हणतात. आपल्या माणसांनाही डावा-उजवा हात नसेल, पाण्याकडचा हात आणि जमिनीकडचा हात असेल. मग ती माणसं वळली की त्यांच्या हातांची नावं बदलतील. हे एकदा कागदावर आलं की त्यांच्या रस्ता सांगण्याला, नाचाला, भांडणाला वेगळं रूप येतं.

शब्द एकेक सुटा करण्यापेक्षा प्रत्यय करा. एस्परान्तोत लेर्नी म्हणजे शिकणं, लेर्नेयो म्हणजे शिकण्याची जागा, शाळा. मी -वे घेतला जागेसाठी: तेपोवे म्हणजे मासळीबाजार. -को घेतला आपल्या ‘कर’सारखा, जो पुणेकरातही आहे आणि खेळकरातही. किराको म्हणजे धरणारा. नुपेको म्हणजे पाणेकर. हेच त्या माणसांचं नाव झालं.

प्रत्यय करताना स्वतःची सवय तपासा. एस्परान्तोत वडील म्हणजे पात्रो आणि आई म्हणजे पात्रिनो, वडिलांना प्रत्यय लावून केलेली. झामेनहॉफ यांनी हे वाईट हेतूने केलं नाही. त्यांच्या काळाची सवय नियमात उतरली, आणि भाषा सोपी असूनही या एका गोष्टीवर अजून वाद होतात.

शब्दांच्या वहीत पाच रकाने आखा: शब्द, अर्थ, कुठून आला, एक वाक्य, तारीख. चौथा रकाना रिकामा असेल तर शब्द अजून कच्चा आहे असं समजा. दिवसाला तीन शब्द आणि एक वाक्य पुरे.

जुनं करणं

आता भाषा नीटनेटकी झाली आहे, जरा जास्तच. खऱ्या भाषा झिजलेल्या असतात. सप्तचं सत्त आणि सत्तचं सात झालं. दुग्धचं दुद्ध, मग दूध. कर्मचं कम्म, मग काम. एकच नियम शेकडो शब्दांवरून फिरला: जोडाक्षर आधी सारखं झालं, मग एकेरी झालं आणि मागचा स्वर लांबला. तुम्हीही असा एक नियम करा आणि सगळ्या वहीवरून फिरवा. मधेच दया येऊन एखादा आवडता शब्द वाचवू नका.

माझा नियम: शब्दाच्या आत दोन स्वरांच्या मधला प होतो व, आणि क होतो ह. नुपेचं झालं नुवे, तेपोचं तेवो, नुपेको झाले नुवेहो. पण खरी गंमत क्रियापदात आहे. किरा नुसतं असताना क शब्दाच्या सुरुवातीला आहे, म्हणून टिकला. उपसर्ग लागला की तो दोन स्वरांमध्ये सापडला:

लुकिरा → लुहिरा
माकिरा → माहिरा

म्हणजे आज नुवेहो मूल शिकताना विचारेल, ‘किरा’चा ‘लुहिरा’ का होतो? आपण एकही अपवाद लिहिला नाही आणि भाषेत अनियमितपणा आला. नवखे अपवाद हाताने पेरतात आणि ते कृत्रिम दिसतात. नियमाला झिजू दिलं की अपवाद असे उगवतात. जुनी रूपं खोडू नका. ती नुवेहोंच्या पूर्वजांची भाषा आहे, त्यांच्या मंत्रांत आणि म्हणींत राहील.

आकड्यांसाठी एवढंच: दहाचा हिशेब सक्तीचा नाही. आपल्याच घरातली जुनी माणसं ऐंशीला ‘चार विसा’ म्हणत. आणि लिपी शेवटी घ्या. पुष्कळ जण तिनेच सुरुवात करतात, आठवडाभर सुंदर अक्षरं काढतात आणि लिहायला वाक्य नसतं. मराठी मोडीत लिहिली तरी मराठीच होती, गोव्यात कोंकणी देवनागरीतही लिहितात आणि रोमीतही. लिपी नंतर केव्हाही बदलता येते.

पहिलं भाषांतर

शे-दीडशे शब्द झाले की भाषांतराला बसा. भाषा करणारे लोक बहुधा वारा आणि सूर्य यांच्या पैजेची गोष्ट घेतात. मराठी माणसाने चिऊ-काऊची घ्यावी असं मला मनापासून वाटतं. गोष्ट छोटी आहे, पण तीत मालकी आहे, पाऊस आहे, संवाद आहे, आणि ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ आहे, ज्यात आज्ञा, परवानगी आणि लावायची वस्तू एका दमात येतात.

पहिलीच ओळ घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. ‘चं’ चार वेळा. पण काऊचं मधला ‘चं’ मालक सांगतो आणि शेणाचं मधला ‘चं’ घर कशाचं ते सांगतो. मराठीने दोन्ही कामं एका प्रत्ययावर टाकली आहेत. नुवेहोंसाठी मी ती वेगळी केली: मालकासाठी ‘या’, घडणीसाठी ‘मे’. ‘आहे’ला शब्द केला नाही, मराठी ओळीतही तो नाही. शिवाय खाडीवर गाईगुरं नाहीत आणि मधमाश्या नाहीत, म्हणून काऊचं घर मिठाचं केलं आणि चिऊचं शिंपल्यांचं. कावळा जुन्या भाषेत काको, झिजून काहो. चिमणी तिनि, घर हिलो, मीठ सिहे, शिंपले लेनो.

मे सिहे ए हिलो या काहो.
मे लेनो ए हिलो या तिनि.

मिठाचं ते घर काऊचं, शिंपल्यांचं ते घर चिऊचं. मग पाऊस आला. ‘वाहून गेलं’साठी क्रियापद हवं होतं, ते वहीत नव्हतं. नवा शब्द करायला पेन उचललं, आणि तेव्हा ते अडलेलं पान आठवलं, जिथे ‘ओ हिलो’च्या पुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. क्रियापदाची गरजच नव्हती. जागी असलेलं घर पाण्याबरोबर हलायला लागलं, एवढंच सांगायचं होतं.

ओ हिलो या काहो.